मरीनड्राइव्हत्वाचे लक्षण आणि त्यातील दोष

रायपुरात मरीन ड्राइव्ह आहे. या विधानाला नगरवासीयांची साक्ष आहे, मोबाइलमधल्या नकाशाचा आधार आहे, आणि रविवारी संध्याकाळी जी. ई. रोडच्या कडेला जागा शोधत घुटमळणाऱ्या गाड्या हा तर प्रत्यक्ष पुरावाच आहे. रायपुरात समुद्र नाही. हेही विधान तितकेच खरे. सात राज्यांच्या मधोमध बसलेल्या छत्तीसगडला किनारा नाही. सरळ रेषेत मोजला तरी जवळचा समुद्र सुमारे ४०० किलोमीटरवर, आणि तोही बंगालचा उपसागर. म्हणजे ज्या समुद्राची आठवण काढायची त्याच्या नेमका उलट्या दिशेला. ही दोन सत्ये एकमेकांना धक्का न लावता एकाच तळ्याच्या कठड्यावर शेजारी शेजारी कशी बसतात, हा प्रस्तुत प्रबंधाचा विषय.

शास्त्रग्रंथाच्या आरंभी अनुबंधचतुष्टय सांगावे अशी रीत आहे. विषय सांगून झाला. प्रयोजन काही नाही. मोठमोठ्या प्रयोजनांनी बोलणारी माणसे राजधानीच्या शहरात पुष्कळ असतात, त्यात भर कशाला? संबंध उत्तर-आधुनिक कादंबरीशी आहे आणि तो थोडा ओढूनताणून आणलेला आहे. राहिला अधिकारी. ज्याने तेलीबांध्याच्या काठी उभे राहून निदान एक प्लेट गुपचुप खाल्ली आहे, तोच हा प्रबंध वाचण्यास पात्र. पाणीपुरीला इकडे गुपचुप म्हणतात हे ज्याला आत्ता कळले, त्याने वाचायला हरकत नाही, पण मत देऊ नये.

आता वस्तू पाहू. तेलीबांधा हे मुळात तळे. छत्तीसगडात तळे ही शोभेची गोष्ट नव्हती, ती गरजेची होती. अंघोळ, धुणे, म्हशी, दिवाळीनंतरचे गौरा-गौरीचे विसर्जन, हे सगळे त्यातच. अशा पाण्याला इथे ‘निस्तारी’चे तळे म्हणतात आणि त्याच्या पायऱ्यांना ‘पचरी’. एखादे जुने गाव आपला मोठेपणा सांगताना ‘छै आगर छै कोरी’ तळी सांगते. कोरी म्हणजे वीस. सहा कोऱ्या १२०, वर सहा, एकूण १२६. हा आकडा मोजून काढलेला की अभिमानाने काढलेला, हा वाद आम्ही इथे उकरत नाही. मुद्दा एवढाच की या मुलखात माणसे पाण्याकडे तोंड करून उभी राहत असत. हे वाक्य वाचकाने लक्षात ठेवावे, ते पुढे कामाला येणार आहे.

१ नोव्हेंबर २००० रोजी राज्य झाले, रायपूर राजधानी झाले आणि राजधानीला शोभेल अशा वस्तूंची निकड भासू लागली. यथावकाश तळ्याभोवती फरसबंद वाट आली, कठडे आले, दिवे आले, खाण्याच्या गाड्या आल्या. २०१६ साली काठावर ८२ मीटर उंचीच्या खांबावर राष्ट्रध्वज चढला. आणि या सगळ्याबरोबर ‘मरीन ड्राइव्ह’ हे नाव लोकांच्या तोंडी बसले. ते कोणत्या ठरावाने बसले या चौकशीत शिरण्याचे कारण नाही, कारण मुंबईच्या मरीन ड्राइव्हचेही कागदोपत्री नाव नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग असे आहे. म्हणजे मूळ वस्तूच आपल्या नावाने ओळखली जात नाही. शिवाय ती उभी आहे समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर. मुंबईत समुद्र बुजवून मरीन ड्राइव्ह केला, रायपुरात समुद्र नसताना केला. दोन्हीकडे समुद्राची अडचण होती, इतके साम्य पुरेसे आहे.

येथे पहिला शास्त्रीय प्रश्न उभा राहतो. मरीन ड्राइव्ह ही एक व्यक्ती की जाती? मुंबईकर तिला व्यक्ती मानतात: एकच आहे, सुमारे साडेतीन किलोमीटर लांब आहे आणि ती आमच्याकडे आहे. परंतु पाटण्याला गंगेकाठचा जेपी गंगा पथ लोक मरीन ड्राइव्ह म्हणून ओळखतात. लखनौला गोमतीकाठी मरीन ड्राइव्ह आहे, जमशेदपूरला नदीकाठी आहे, कोचीला खाडीकाठी आहे. इतक्या व्यक्तींत जे समान रूपाने राहते ते ‘मरीनड्राइव्हत्व’, ही जाती नैयायिकांना मानावीच लागेल. आता तिचे लक्षण करायचे, आणि ते अव्याप्ती, अतिव्याप्ती, असंभव या तीन दोषांपासून मुक्त हवे.

‘समुद्रकाठचा वळणदार रस्ता म्हणजे मरीन ड्राइव्ह’ असे लक्षण केले, तर अव्याप्ती. पाटणा, लखनौ, जमशेदपूर आणि रायपूर बाहेर पडतात. ‘पाण्याकाठचा रस्ता’ असे केले, तर अतिव्याप्ती. पाटबंधारे खात्याचा प्रत्येक कालवा आत येतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तर शहरातला एकही रस्ता बाहेर राहत नाही. ‘जिथे बसून लोक सूर्यास्त पाहतात ते’ असे म्हणावे, तर रायपूरकर सूर्य मावळल्यावर घरातून निघतात, कारण त्याआधी ऊन असते. पुष्कळ मंथनानंतर आम्ही पुढील लक्षण सिद्ध केले आहे: ज्या पाण्याकडे पाठ करून फोटो काढला जातो, त्या पाण्याचा काठ म्हणजे मरीन ड्राइव्ह.

हे लक्षण निर्दोष आहे. मुंबईला लागू पडते, कोचीला पडते, तेलीबांध्याला पडते. कालव्याला पडत नाही, कारण कालव्याकडे पाठ करून कोणी उभे राहत नाही. पावसाने तुंबलेल्या रस्त्यालाही पडत नाही. तिथे माणूस पाण्याकडे तोंड करून फोटो काढतो आणि महापालिकेला पाठवतो.

डॉन डिलिलो या अमेरिकी कादंबरीकाराने १९८५ सालच्या ‘व्हाइट नॉइज’ या कादंबरीत एक कोठार दाखवले आहे. अमेरिकेतले सर्वांत जास्त फोटो निघालेले कोठार, अशी त्याची ख्याती. रस्त्यावर तशा पाट्या लावलेल्या. लोक लांबून येतात, तिपाया रोवतात, फोटो काढतात, आणि कादंबरीतल्या एका प्राध्यापकाच्या ध्यानात येते की कोठार कोणालाच दिसत नाही. पाट्या वाचल्यावर ते दिसणे शक्यच नसते. उत्तर-आधुनिक कादंबरीवर बोलणारे विद्वान हा प्रसंग सांगितल्याशिवाय चहा घेत नाहीत. आम्हाला डिलिलोबद्दल आदर आहे, तरी नम्रपणे नोंदवतो की त्याच्या पर्यटकांची तोंडे निदान कोठाराकडे होती. कॅमेरा तेव्हा बाहेर पाहत असे. मोबाइलला पुढचा कॅमेरा आला आणि माणूस उलटा फिरला. आता कोठार दिसते की नाही हा प्रश्नच उरला नाही, ते मागे आहे. डिलिलोच्या पात्रांनी जे मोठ्या चर्चेने गमावले, ते आमच्याकडे मुले गुपचुपची प्लेट हातात धरून, एक डोळा मिटून, सहज गमावतात.

यावर पूर्वपक्षी म्हणेल: हा साधा भ्रम आहे. तळ्यावर समुद्राचा आभास होतो, शिंपल्यावर चांदीचा होतो तसा. भ्रम म्हटला की भारतीय दर्शनांत ख्यातिवाद आलाच, आणि ख्यातिवाद आला की पाच मते आलीच.

प्राभाकर मीमांसक म्हणतात, भ्रम असा नसतोच. समोरचे दिसणारे आणि मनातले आठवलेले, यांतला भेद ध्यानात येत नाही इतकेच, हीच अख्याती. रायपूरकराला दिसते तळे, आठवतो मरीन ड्राइव्ह, आणि भेद निसटतो. मत सुबक आहे, पण एक अडचण आहे. आठवायला आधी पाहिलेले असावे लागते. रायपूरकराने मरीन ड्राइव्ह पाहिला आहे तो हिंदी सिनेमात: पावसात, रात्री, टॅक्सीच्या काचेतून, गाण्याच्या दोन कडव्यांच्या मध्ये. त्याची आठवण समुद्राची नसून चित्रफितीची आहे. प्रभाकराच्या काळी फिल्म नव्हती, म्हणून त्याला दोष देता येत नाही.

नैयायिकांची अन्यथाख्याती सांगते की चांदी बाजारात खरोखर आहे, फक्त ती इथे दिसली. समुद्र मुंबईत खरा आहे, तो रायपुरात दिसला. शून्यवादी म्हणतात समुद्र मुळातच असत्. हे मत रायपुरात कोणी नाकारत नाही. विज्ञानवादी म्हणतात तो आपल्याच चित्तात आहे, म्हणजे आपल्याच मोबाइलच्या गॅलरीत. अद्वैती म्हणतात तो सत् नाही, असत् नाही, अनिर्वचनीय आहे. नगरविकासाच्या बऱ्याच योजनांबाबत हे मत उपयोगी पडते.

परंतु या पाचही मतांत एक गोष्ट गृहीत आहे. खरे ज्ञान झाले की भ्रमाचा बाध होतो. शिंपला कळला की चांदी जाते, दोरी कळली की साप जातो. कोणताही आचार्य असे म्हणत नाही की ‘हा शिंपला आहे’ हे कळल्यावरही माणूस तो सोनाराकडे घेऊन गेला आणि सोनाराने पैसेही दिले.

गिरगावात जन्म काढलेली आमची मावशी रायपूरला आली, तेव्हा तिला आम्ही संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर नेले. रायपूरच्या मराठी घरांत पाहुण्याला दाखवायच्या जागांची यादी ठरलेली असते. आधी तात्यापाऱ्याच्या जुन्या मराठी वस्तीतून एक फेरी, मग चौबे कॉलनीतले महाराष्ट्र मंडळ आणि शेवटी हे. मावशी कठड्याशी गेली, इकडे पाहिले, तिकडे पाहिले आणि म्हणाली, “अरे, पण समुद्र कुठाय?” प्रश्न आम्हाला होता, उत्तर गुपचुपवाल्याने दिले. पुरीला अंगठ्याने भोक पाडत, वर न पाहता तो म्हणाला, “समुंदर त बंबई म हे दाई, इहाँ मरीन ड्राइव हे.” आणि लगेच विचारले, तिखट पाणी की गोड?

या वाक्यात भ्रमाचा लवलेश नाही. समुद्राचा बाध झालेला आहे, तो कुठे आहे हेही वक्त्याला नक्की ठाऊक आहे, तरी मरीन ड्राइव्ह जागच्या जागी आहे आणि धंदा चालू आहे. ज्ञानाने जो जात नाही असा हा भ्रम पाच ख्यातींपैकी एकीतही बसत नाही. म्हणून आम्ही सहावी मांडतो: विज्ञापनख्याती. या ख्यातीत पाहणारा फसत नाही, दाखवणारा फसवत नाही, दोघांनाही सगळे माहीत असते आणि त्याने काहीही बिघडत नाही. गोरेपणाच्या क्रीमची डबी घेणारा काळा-सावळा माणूस या ख्यातीचा जुना उपासक आहे. बिस्किटाच्या पुड्यावर जितकी काजू-बदामाची रास असते तितकी आत नसणार हे पाच वर्षांच्या पोरालाही कळते. ते पोर तोच पुडा मागते.

मावशीने यथाविधी पाण्याकडे पाठ केली, फोटो काढवून घेतला, ‘मरीन ड्राइव्ह’ असे लिहून घरच्या ग्रुपवर टाकला. मागे अंधारे पाणी, पाण्यात दिव्यांची माळ. मिनिटाभरात ठाण्याच्या मावसभावाचा प्रश्न आला, “आई, परत कधी आलीस?” प्रत्यक्ष आणि शब्द ही दोन्ही प्रमाणे इथे एकमेकांशी जुळली होती, आणि निष्कर्ष ११०० किलोमीटरने चुकला.

जाँ बोद्रियार या फ्रेंच विचारवंताने १९८१ साली प्रतिमेच्या चार अवस्था सांगितल्या. आधी ती वास्तव दाखवते, मग विकृत करते, मग वास्तव नाही हे लपवते, आणि शेवटी वास्तवाशी तिचा काही संबंधच उरत नाही. त्याचा सूर मात्र दुखवट्याचा आहे, घरातले काही मौल्यवान चोरीला गेले असावे तसा. त्याच्या मांडणीत कोणीतरी कुठेतरी फसलेले असते. आमच्या गुपचुपवाल्याला तो भेटला असता तर चार अवस्थांची जुळणी त्याला पुन्हा करावी लागली असती, आणि तिखट पाणी त्याला झेपले नसते हे वेगळेच.

पण हे सगळे विवेचन परदेशी कादंबऱ्यांवर टेकवण्याचे कारण काय, असा रास्त प्रश्न आहे. मराठीत जयंत पवारांनी गिरणगावाचे मॉल झालेले कथांत आणले. ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या संग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण रायपूरला त्यासाठी मुंबईपर्यंतही जावे लागत नाही. या शहरात विनोदकुमार शुक्ल राहत होते. राजनांदगावात १९३७ साली जन्म, रायपूरच्या कृषी विद्यापीठात नोकरी, २०२४ चा ज्ञानपीठ, आणि डिसेंबर २०२५ मध्ये निधन. त्यांना उत्तर-आधुनिक म्हटले असते तर बहुधा त्यांनी हळू आवाजात दुसऱ्याच कशाबद्दल तरी विचारले असते. तरीही ग्राहकशास्त्रावरचा सर्वांत नेमका हिंदी ग्रंथ त्यांनीच लिहिला आहे, १९७९ साली, मॉल नावाची वस्तू देशात यायच्या कितीतरी आधी.

त्या ‘नौकर की कमीज’ कादंबरीतली वस्तू अगदी क्षुल्लक आहे, म्हणून आमच्या कामाची आहे. एक सदरा. साहेबाच्या मनात आदर्श नोकराची एक कल्पना आहे आणि तिच्या मापाने हा सदरा शिवलेला आहे. ज्याच्या अंगात तो बसेल तो नोकर. मग कचेरीतला कारकून संतूबाबू याच्या अंगावर तो चढवला जातो, बसतो, आणि कारकुनाचा हळूहळू नोकर होऊ लागतो. इथे माणूस आधी आणि कपडा नंतर हा क्रम उलटला आहे. सदरा स्थिर, माणूस शोधायचा. पुढे मणी कौलांनी १९९९ मध्ये यावर सिनेमा काढला, पण खरी दृश्य टीका पाहायची असेल तर पंडरीच्या कापड बाजारात जावे.

तिथे दुकानांच्या काचेत पुतळे उभे असतात. समोरून पाहिले तर सदरा अंगावर ओतल्यासारखा. खांद्याची शिवण खांद्यावर, कमरेला एक चुणी नाही. बहुतेक गिऱ्हाइके एवढेच पाहतात. काचेच्या कडेला जाऊन तिरके डोकावले म्हणजे पाठ दिसते. पाठीवर कापड मुठीत धरून गोळा केलेले, त्याला मधून ओळीने टाचण्या, खाली एक कपडे वाळत घालायचा चिमटा, तोही एखादा निळा प्लॅस्टिकचा. बाही मागून दुमडून आत खोचलेली. पुतळ्याच्या मानेजवळ किमतीची चिठ्ठी, तिच्यावर आधीची किंमत खोडलेली, आणि ती खोडलेली किंमत नव्या किमतीपेक्षा जास्त ठळक छापलेली. सदरा पुतळ्याला बसत नाही. पुतळा सदऱ्यासाठी घडवलेला असूनही बसत नाही. दुकानातला पोऱ्या हे जाणतो, मालक जाणतो, आणि ट्रायल रूममध्ये पोट आत ओढून आरशासमोर उभा राहिलेला गिऱ्हाईकही जाणतो. त्याच्या पाठीला टाचण्या लावायला कोणी नाही एवढीच त्याची तक्रार.

तीन अवस्था इथे स्पष्ट होतात. शुक्लांच्या कादंबरीत सदऱ्यासाठी माणूस शोधला, पंडरीत सदऱ्यासाठी पुतळा टाचला, आणि ट्रायल रूममध्ये माणसाने स्वतःच स्वतःला टाचले. पहिल्या अवस्थेत बळजबरी आहे, साहेब आहे, कचेरी आहे, म्हणून तिथे रागवायला कोणीतरी मिळतो. तिसरीत कोणीच नाही, फक्त आरसा आणि पिवळा बल्ब. उत्तर-आधुनिक कादंबरीकार याच तिसऱ्या अवस्थेने हैराण झालेले दिसतात. शुक्ल पहिल्या अवस्थेतच थांबले आणि त्यांना जे दिसले ते पुढच्यांना पानेच्या पाने लिहून दिसले नाही, असे आमचे मत आहे. मत आग्रही आहे, पण प्रबंधात एखादे असे हवेच.

त्यांची आणखी एक कादंबरी मात्र आमच्या सिद्धांताला नडते. ‘दीवार में एक खिड़की रहती थी’, १९९७. गणिताचा प्राध्यापक रघुवर प्रसाद, त्याची बायको सोनसी, भाड्याची एक खोली, आणि खोलीच्या भिंतीत एक खिडकी. खिडकीतून उडी मारली की पलीकडे तळे, सारवलेली वाट, चहा देणारी म्हातारी. कॉलेजला न्यायला एक साधू हत्ती घेऊन येतो. या पुस्तकात टीव्ही नाही, जाहिरात नाही, सेल नाही. वास्तव आणि कल्पना यांच्यातली भिंत इथेही पुसट आहे, पण ती पुसट करायला काही विकावे लागलेले नाही. म्हणजे आमची विज्ञापनख्याती इथे चालत नाही. नियमाला अपवाद निघाला की शास्त्रकार त्याला ‘आर्ष प्रयोग’ म्हणून पुढे जातो. आम्हीही तेच करणार होतो.

पण २०२५ साली गंमत झाली. त्या कादंबरीची नवी आवृत्ती समाजमाध्यमांवर पसरली. रील निघाल्या, पुस्तकाचे फोटो निघाले: खिडकीच्या कट्ट्यावर, कॉफीच्या कपाशेजारी, पांढऱ्या चादरीवर एक वाळके फूल ठेवून. सप्टेंबरात रायपुरातच ‘हिंद युग्म’ या प्रकाशनाने शुक्लांना ३० लाख रुपयांच्या रॉयल्टीचा धनादेश दिला, आणि मग त्या धनादेशाचा फोटो पुस्तकाच्या फोटोपेक्षा जास्त फिरला. हिंदी लेखकाला इतके पैसे मिळूच कसे शकतात, यावर वर्तमानपत्रांपासून फेसबुकपर्यंत वाद पेटला. हिंदी लेखकाला पैसे मिळत नाहीत यावर आजवर जितका वाद झाला, त्याहून हा मोठा असावा. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा तो माणूस मात्र फोटोत नेहमीसारखाच दिसतो, म्हणजे आपण चुकीच्या समारंभाला आलो की काय असा.

यावर नाक मुरडणारे आमच्या ओळखीत बरेच आहेत. पुस्तक वाचले जात नाही, त्याचा फोटो काढला जातो, हे त्यांचे म्हणणे. असेल. पण पुस्तकाचा फोटो काढताना ते समोर धरावे लागते, पाठीमागे धरून चालत नाही. आमच्या लक्षणानुसार ते मरीन ड्राइव्ह होत नाही. कॉफी थंड होईपर्यंत एखाद्याने पहिले पान उलटले तर शुक्लांची खिडकी त्याला आत घेते, त्याला कोणाचा इलाज नाही. रीलवाल्या पोरांच्या बाजूने आम्ही आहोत.

आता नवी राजधानी, म्हणजे नवा रायपूर. तिकडे वळण्याआधी सांगून ठेवतो, की हा भाग मुद्दाम थोडक्यात उरकणार आहोत. इथला विनोद शासनाने आधीच करून ठेवला आहे. सुमारे ८०० एकरांवर तिथे जंगल सफारी आहे, आशियातले सर्वांत मोठे मानवनिर्मित जंगल अशी तिची जाहिरात. १ नोव्हेंबर २०१६ रोजी पंतप्रधानांनी उद्घाटन केले. त्या दिवशी त्यांनी वाघाचा फोटो काढला आणि ते फोटो काढत असतानाचा फोटो देशभर छापून आला. ज्या राज्याच्या ४४ टक्के भूमीवर वनक्षेत्र नोंदलेले आहे, त्याने राजधानीत मानवनिर्मित जंगल बांधले. बोद्रियारने डिस्नेलँडबद्दल म्हटले होते की उरलेली अमेरिका खरी वाटावी म्हणून ते असते. सफारीची बस सुटते, मुले वाघ पाहतात, आणि उत्तरेला हसदेव अरण्यात कोळशासाठी खरी झाडे पडतात. तिथे जायला तिकीट नाही, म्हणून कोणी जात नाही.

आता प्रमाणांचा प्रश्न. फोटो प्रमाण नाही, नाव प्रमाण नाही, नकाशाही मरीन ड्राइव्ह दाखवतो म्हणून नकाशाही बाद. मग खरे काय आहे हे ओळखायचे कशाने? याचे उत्तर एका मराठी माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. माधवराव सप्रे. दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचा जन्म, १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढले, दासबोध आणि टिळकांचे गीतारहस्य हिंदीत नेले, १९२६ साली रायपुरात वारले. १९०१ मध्ये त्यांनी ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही गोष्ट छापली; हिंदीतली पहिली कथा म्हणून पुष्कळ अभ्यासक तिच्याकडे बोट दाखवतात. जमीनदार कोर्टकचेरी करून विधवेची झोपडी घेतो. ती येऊन टोपलीभर माती मागते, आणि टोपली डोक्यावर चढवायला त्यालाच हात लावायला सांगते. त्याच्याने ती उचलत नाही. पुढचे सगळे त्या न उचललेल्या टोपलीतून घडते.

या गोष्टीवर नीतीचे पाठ पुष्कळांनी काढले. आम्ही तीतून ज्ञानशास्त्र काढतो. टोपलीकसोटी अशी: जी वस्तू टोपलीत भरली असता उचलायला जड जाते, ती खरी. लावून पाहा. ‘मरीन ड्राइव्ह’ हे नाव टोपलीत घाला, टोपली रिकामी. पंडरीचा खोडलेला भाव घाला, रिकामी. धनादेश वजनाला हलका, पण त्यामागे विकल्या गेलेल्या प्रतींचा गठ्ठा ठेवला की कंबर धरते. म्हणून तो खरा. वाघाला टोपलीत घालण्याचा प्रयोग वाचकांनी करू नये. आणि तेलीबांध्याचा गाळ, उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर कठड्याखाली दिसतो तो काळा, वास मारणारा गाळ, टोपलीभर काढा. दोघांनी धरावी लागते.

म्हणजे निष्कर्ष पूर्वपक्षाच्या उलटा निघतो. विद्वानांना भीती होती की नक्कल खऱ्याला गिळते, म्हणजे रायपूरचा मरीन ड्राइव्ह मुंबईच्या समुद्राला गिळेल. तसे काही झालेले नाही. मुंबईचा समुद्र जागेवर आहे, रायपूरकरांनी त्याच्यावर कधी दावा केला नाही. नकलेने गिळले ते जवळचे, अगदी पायाखालचे. पचरी गेली, निस्तारी गेली, आणि गौरा-गौरी कुठे शिरवायची हे त्या घरांना विचारावे, ज्यांच्या आज्या इथे शिरवत होत्या. पाण्याकडे तोंड करून उभे राहायची सवय गेली. समुद्र मुळात नव्हताच, त्यामुळे त्याच्या बाजूने कोणी भांडले नाही. तळे होते, आणि त्याच्याही बाजूने कोणी भांडले नाही.

वाचक कधी रायपूरला आला तर एक सूचना. स्टेशनवर ऑटोवाल्याला ‘तेलीबांधा’ म्हणालात, तर तो तुम्हाला चौकात सोडेल आणि पैसे घेऊन निघून जाईल. तळ्यावर यायचे असेल, तर ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणा.